पोफळीची फाईल

चौलला महिपतरावांच्या वाडीत सकाळी मोटर सुरू झाली, चहा झाला, न्याहारी झाली, पेपर वाचून झाला, तरी पाणी पहिली ओळ सोडून पुढे सरकलं नव्हतं. विहिरीला पाणी होतं, वीज होती, नळ्या शाबूत होत्या. फक्त निर्णय होत नव्हता.

"सिद्धेश, तुझा कंपुटर झोपला काय रे?" महिपतरावांनी विहिरीच्या कठड्यावरून हाक मारली.

"विचार करतोय तो, बाबा."

"सकाळधरनं?"

"झाडं पण तेवढी आहेत ना."

"झाडं आधीपण तेवढीच होती. मी हातानं शिंपायचो, तेव्हा न्याहारीच्या आत मागची ओळ भिजायची. मी विचार करत नव्हतो, म्हणून असेल."

सिद्धेशने लॅपटॉपमध्ये मान घातली. मागच्या ओळीचं नाव निघालं की तो अलीकडे असंच करत असे. गेल्या पावसाळ्यात लावलेली पोफळीची, म्हणजे सुपारीची, रोपं त्या ओळीत होती आणि त्यांची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली होती. शेतीची वीज सकाळी येते ती दुपारी जाते. तोवर निर्णय मागच्या ओळीपर्यंत पोचला नाही, की त्या रोपांना त्या दिवशी पाणी नाही. एप्रिल चालू होता. पोफळ हे झाड उन्हाळ्यात एखादा दिवस माफ करतं, पण आठवडाभराची उधारी ठेवत नाही.

सिद्धेश ऐरोलीच्या एका कंपनीत नियम लिहायचा. कर्ज कोणाला द्यायचं, कोणाला नाही, कोणाला नुसतं 'कळवतो' म्हणायचं, हे संगणकाला ठरवता यावं म्हणून. असे नियम एकेक करून हाताने लिहायचे नसतात. एक चांगला नियम लिहायचा, त्याचा साचा करायचा, आणि पेणला साच्यातून मूर्ती निघतात तसे शेकडो नियम काढायचे. नावं तेवढी बदलायची. हे काम तो चौलला घरी बसून करत होता. मानसीला, म्हणजे त्याच्या बायकोला, रेवदंड्याच्या शाळेत नोकरी लागली होती, आणि सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात कंपनीने कळवलं, की जूनपासून सर्वांनी ऑफिसात येऊन बसायचं.

सिद्धेशला जायचं नव्हतं. त्याने बेत केला. वडलांची वाडी संगणकावर शिंपून दाखवायची आणि मग हीच सोय चौलच्या इतर वाड्यांत बसवून द्यायची. महिपतरावांनी वाडी दिली, पण अट घातली.

"मागची ओळ या उन्हाळ्यात जगली, तर तू म्हणशील ते. मेली, तर वायरी गुंडाळायच्या आणि जूनला मुकाट्यानं ऐरोली गाठायची."

आता ज्या नियमामुळे हे सगळं अडलं होतं तो नियम कसा तयार झाला, ते सांगितलं पाहिजे.

महिपतराव तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. अपुरी फाईल त्यांच्या टेबलावरून कधी पुढे गेली नाही. पुरी फाईलही फारशी जात नसे, पण ती गोष्ट वेगळी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सिद्धेश मांडीवर लॅपटॉप घेऊन पहिल्या पोफळीखाली बसला आणि म्हणाला, "बाबा, हिला पाणी कधी द्यायचं, ते सांगा. मी नियम करतो."

"लिहून घे. झाडाचं वय."

"ते कशाला?"

"फाईलला लागतं. झाड कोणी लावलं. हद्दीपासून किती लांब. आज खाडीला भरती किती वाजता."

"भरतीचा पाण्याशी काय संबंध?"

"खारं वारं येतं. नसेल संबंध, पण उद्या कोणी विचारलं तर? पुढं घे. वाऱ्याची दिशा. मुंबईला सुपारीचा आजचा भाव."

"बाबा, पाणी सोडायचंय, सुपारी विकायची नाहीये."

"लिहिलंस तर काय बिघडलं?"

सिद्धेशला वाटलं, खरंच, काय बिघडलं? आज नाही लागलं तर उद्या लागेल. त्याने सगळं नियमात आणून ठेवलं. भरतीची वेळ, वारा आणि भाव इंटरनेटवरून मागवायची सोय केली. मग महिपतराव जरा थांबले. झाडाच्या बुंध्याकडे बघत म्हणाले, "आणि आक्काची संमती."

"सखूआत्याची?"

"तिनं लावलंय हे. तिचंच म्हणणं हाय, की विचारल्याशिवाय माझ्या झाडाला हात लावायचा न्हाय."

सखूआक्का म्हणजे महिपतरावांची थोरली बहीण, दिली माणगावला. वाडीच्या कोपऱ्यात तिने लावलेला एक माड होता. तो शेजारच्या धम्मदीपच्या कौलांवर कलला, म्हणून महिपतरावांनी तो तोडून घेतला. तिला विचारलं नाही. वैशाख पौर्णिमेला आक्का आली ती खुंट बघून दारातूनच परत फिरली. त्यालाही आता तीन वर्षं झाली. महिपतराव फोन करत नव्हते, कारण आक्का ओरडेल. आक्का करत नव्हती, कारण चूक महिपतची.

"तुम्हीच विचारा ना तिला," सिद्धेश म्हणाला.

"मी कशाला? तुझा कंपुटर विचारतो ना सगळं?"

म्हणून सिद्धेशने आपल्या आवाजात एक निरोप भरून ठेवला. 'नमस्कार आत्या. मी सिद्धेश. पोफळ क्रमांक एकला पाणी सोडायचं आहे. संमती असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा.' फोन आपोआप जायचा. एक झाड, एक फोन. म्हातारीला बरं वाटेल, आणि संबंधही राहील.

सगळ्यात शेवटी महिपतराव म्हणाले, "आणि आळ्यातली माती सुकी असली, की सोड पाणी."

मातीतला ओलावा मोजायला सिद्धेशने आळ्या-आळ्यांत सळया पुरल्याच होत्या. नियम तयार झाला. तीन झाडांवर चालवून पाहिला. झकास चालला. मग त्याने त्याचा साचा केला आणि एका संध्याकाळी वाडीतल्या झाडून साऱ्या पोफळींचे नियम त्यातून काढले. नाव आणि क्रमांक तेवढे बदलले. बाकी फाईल सगळ्यांची सारखी.

मार्चअखेर वाडी संगणकाच्या ताब्यात गेली आणि तेव्हापासून मागची ओळ तहानेली राहू लागली.

पहिलं निदान शेजारच्या धम्मदीपने केलं. तो वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाला होता, आणि जगातल्या बहुतेक अडचणी मोटर लहान असल्यामुळे येतात, असं त्याचं मत होतं.

"दाब कमी पडतोय, सिद्धेशभाऊ. शेवटपर्यंत पाणी ढकलायला मोटरला दम नको? मोठी बसव."

मोठी मोटर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे संगणक विचार करत बसला. विचार चालू असताना सगळे कॉक बंद. मोटर लहान होती तोवर हे खपत होतं. मोठ्या मोटरला दम भरपूर होता, पण पाणी ढकलायला जागा नव्हती. तिने जागा करून घेतली. कुंपणापाशी नळीचा सांधा सुटला आणि पाण्याची धार पलीकडे धम्मदीपच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरगुंडांवर पडली.

"पोह्याची मिरगुंडं हायेत ती," धम्मदीप कुंपणावरून शांतपणे म्हणाला. "वर्षाची बेगमी."

"काका, मोटर तुम्हीच सांगितलीत."

"मोटर सांगितली. माझ्या अंगणात सोड, असं न्हाय सांगितलं."

दुसरं निदान सिद्धेशचं स्वतःचं. त्याला वाटलं, इंटरनेट मंद आहे. उंच माडावर नवा अँटेना चढला. भरतीची वेळ आणि सुपारीचा भाव आता जरा लवकर यायला लागले, पण मागची ओळ कोरडी ती कोरडीच. माडावर चढलेला माणूस उतरताना सहज म्हणून गेला, "वरून बगलं, मागची रोपं पिवळी दिसतात." महिपतरावांनी ते ऐकलं.

संध्याकाळी ते ओसरीवर मानसीला म्हणाले, "ऐरोलीला भाड्याची जागा बघायला सांग त्याला. मेमध्ये महाग होतात."

"रविवारपर्यंत थांबा, बाबा," मानसी म्हणाली. "प्रज्ञाताई येणारेत."

"ती काय करणार?"

"त्यांचं कामच ते आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं का चालत नाही, ते शोधायचं. लहानपणापासून यांच्या बाबतीत तेच करतायत."

प्रज्ञा ही सिद्धेशची धाकटी बहीण. बेलापूरच्या एका कंपनीत होती. रविवारी आली, हातपाय धुतले, आणि सिद्धेशचा पहिला नियम उघडून वाचायला लागली. वाचता वाचता चहा निवला.

"दादा, माती सुकी आहे की नाही, हे तू सगळ्यात शेवटी बघतोस?"

"हो."

"आणि त्याच्याआधी जे एवढे पाहुणे बोलावलेस, भरती, वारा, मुंबईचा भाव, ते निर्णयात कुठे आहेत?"

"निर्णयात नाहीयेत. असू दे म्हणून घेतलेत. लागले तर."

"लागले का आजपर्यंत?"

"नाही."

"अरे, मग प्रत्येक झाडामागे त्यांना मुंबईहून आणून दारात उभं का करतोस? ते येईपर्यंत तुझा नियम पुढे सरकत नाही. आले की त्यांच्याकडे बघत पण नाही. पुढच्या झाडाला परत आमंत्रण. सकाळभर वऱ्हाड गोळा करतोस आणि लग्न लावतोस ते नवरा-नवरीचं. ते दोघं घरातच होते."

सिद्धेशचा चेहरा उतरला. कर्जाच्या नियमांतही तो असंच करत होता, हे त्याला आत्ताच आठवलं होतं. ते त्याने सांगितलं नाही.

"काढून टाकूया सगळं," प्रज्ञा म्हणाली.

महिपतराव खुर्ची ओढून जवळ बसले. "काय काय काढतेस?"

"वाऱ्याची दिशा."

"ती राहू दे."

"कुठे वापरलीये, बाबा?"

"वापरली न्हाय, पण रेकॉर्डला असावी."

"भाव?"

"भाव काढ. तसा पण पडलाय."

"भरती?"

"भरती-ओहोटी काढून चालेल काय? समुद्र हाय इथं."

"समुद्र राहू दे, बाबा. फक्त फाईलमधून काढते."

अशी एकेक बाब बरीच घासाघीस करून निघाली. हद्द निघाली, वय निघालं. महिपतरावांना आपल्या नोकरीची वर्षंच कोणी खोडतंय असं वाटत होतं, पण मागच्या ओळीकडे बघून त्यांनी ते सोसलं. शेवटी प्रज्ञा एका ओळीवर थांबली.

"दादा, हा फोन कुणाला जातो?"

"सखूआत्याला. पहिल्या झाडासाठी."

"पहिल्या नाही. साच्यात आहे ना हे? सगळ्या झाडांना आहे."

मानसीने तांदूळ निवडायचे थांबवले.

"म्हणजे रोज," सिद्धेश हळू म्हणाला, "जेवढी झाडं, तेवढे फोन?"

"तेवढेच. एक फोन उचलून दाबेपर्यंत पुढचं झाड थांबतं. तुझी सकाळ इथे गेली, दादा. इंटरनेटमध्ये नाही."

"उचलते ती?" महिपतरावांनी विचारलं.

प्रज्ञाने बघितलं. "उचलते."

"दर वेळी?"

"दर वेळी. आणि एक दाबते. मधूनच कुठेतरी दोन."

"मग दोन दाबल्यावर काय होतं?"

"काहीच नाही. उत्तर येतं आणि पडून राहतं. ते कुठेच वापरलेलं नाही."

महिपतराव उठले, ओसरीच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. "काढ तो फोन," ते म्हणाले. "म्हातारीला छळलं आपण महिनाभर. आता तर ती माझं तोंडसुद्धा बघणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली आणि न्याहारी आटपायच्या आत मागच्या ओळीची आळी भरली. नियमाला आता एकच काम होतं. माती सुकी आहे का, बघायचं आणि पाणी सोडायचं. दुपारच्या कितीतरी आधी मोटर बंद झाली आणि वीज उरली. सिद्धेश मागच्या ओळीत उगाचच दोनदा फेरी मारून आला. तिसऱ्या दिवशी रोपांच्या मधोमध नव्या पानाचा हिरवा कोंब दिसला. महिपतरावांनी तो बोटाने चाचपून बघितला आणि जागेचं भाडं हा विषय बंद केला.

चौथ्या दिवशी दुपारी सखूआक्का आली. माणगावहून रोहा आणि रोह्याहून पुढे, अशी एसटी बदलत. हातात पिशवी, पदर खोचलेला. दारातूनच म्हणाली, "महिपत, माझं काय चुकलं?"

महिपतराव खुर्चीतून अर्धवट उठले. "कशाचं, आक्का?"

"फोन का बंद केलास?"

महिपतराव अर्धवट उठलेल्या स्थितीतच राहिले.

"महिनाभर रोज सकाळी एकेका झाडाचं विचारत होतास. मी शेंगा निवडत बसायचे आणि दाबायचे. अख्ख्या आळीला सांगितलं, भाऊ बोलत न्हाय, पन मला विचारल्याबिगर झाडाला पान्याचा थेंब सोडत न्हाय. बायका यायच्या फोन ऐकायला. आन परवापासून एकदम बंद. सून म्हनली, आई, पैसे संपले असतील. तर रिचार्ज पन मारलं."

"तसं न्हाय, आक्का. तुला तरास नको म्हणून."

"मी म्हनले का तरास होतो? तू ठरवलंस. मला न विचारता. परत."

मानसीने पाणी आणून दिलं. आक्का ते प्यायली आणि थेट वाडीत गेली. मागून महिपतराव, त्यांच्यामागून सिद्धेश. विहिरीपाशी एका पोफळीसमोर ती थांबली.

"ही सातवी ना? हिला मी दोन दाबायचे."

"का, आत्या?" सिद्धेशने विचारलं.

"रोज व्हय व्हय किती म्हनायचं? मग आपल्याला किंमत काय राहते? म्हनून एकीला न्हाय म्हनायचे." ती वाकली आणि आळ्यात बोटं घातली. "हे तर ओलं हाय."

सिद्धेश नळीचा सांधा तपासू लागला. त्या सांध्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. महिपतरावांनी मात्र घसा खाकरला. त्यांच्या आत कुठेतरी अव्वल कारकून जागा झाला.

"आक्का, तुझं म्हणणं नोंदवून घेतलंय."

"मग?"

"सर्व बाबींचा विचार करून पाणी सोडण्यात आलं."

आक्काने भावाकडे नीट बघितलं. मग बोटांची माती पदराला पुसली.

"नोंदवलंय ना पन?"

"नोंदवलंय. रोजचं हाय."

"मग झालं. ऐकलंच पायजे असं मी कुठं म्हनते? त्या माडाच्या टायमाला विचारलं असतंस, मी न्हाय म्हनले असते, तू तोडला असतास, आन मी जेवून गेले असते. खुंट बघून उपाशी माघारी जायची वेळ आली नसती."

महिपतरावांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "मानसी," ते म्हणाले, "आक्काला जेवायला वाढ. राहणार हाय ती."

"मी कुठं म्हनले राहते?"

"विचारतोय. राहशील?"

"बघते," आक्का म्हणाली आणि ओसरीवर येऊन पिशवी खुंटीला अडकवली.

रात्री सिद्धेशने प्रज्ञाला फोन लावला. आत्याचे फोन परत चालू केले तर मागची ओळ मरते, बंद ठेवले तर आत्या रुसते. प्रज्ञाने फारसा विचार केला नाही. नियमात फोन नको, ती म्हणाली. नियमाने माती बघावी आणि पाणी सोडावं. फोन वेगळे, मागाहून, आपल्या गतीने जाऊ देत. कोणी कोणासाठी थांबायचं नाही.

"म्हणजे पाणी आधी आणि संमती नंतर?" महिपतरावांनी बाजूने विचारलं.

"हो, बाबा. चालेल ना?"

"न चालायला काय? कचेरीत याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. अर्धा तालुका त्याच्यावर उभा हाय."

मे महिना लागला तसा मागच्या ओळीने रंग धरला. महिपतरावांनी आपली अट पुरी झाल्याचं जाहीर केलं आणि सिद्धेशने कंपनीला कळवलं, की तो जूनमध्ये येत नाही. कळवून झाल्यावर मात्र त्याला झोप येईना. वाडी एक झाली होती. पण पोट भरायचं तर गिऱ्हाईक पाहिजे, आणि मिरगुंडं भिजल्यापासून चौलमध्ये त्याच्या यंत्राचं नाव धम्मदीपप्रमाणे सगळेच नाक मुरडून घेत होते.

त्यामुळे एका सकाळी धम्मदीप स्वतःच कुंपणापाशी येऊन उभा राहिला, तेव्हा सिद्धेशने आधी त्याचं अंगण बघितलं. कोरडं होतं.

"सिद्धेशभाऊ, तुझं ते यंत्र आमच्याकडं पण बसवायचं."

"बसवू की, काका. आधी सळया पुरू, मग कॉक बदलू, मग..."

"ते काय नको. पाणी माझं मी सोडतो, बटण काय जड न्हाय. ते विचारायचं असतं ना, आक्काबाईंना करता ते, तेवढंच बसव. थोरला भाऊ माझा म्हसळ्याला असतो. आंब्याच्या झाडावरनं त्याचं-माझं वाजलंय. मी फोन केला तर कमीपणा येतो. यंत्रानं केला तर येत न्हाय."

सिद्धेशने समजावून बघितलं, की मुद्दा पाण्याचा आहे, वेळेचा आहे, विजेचा आहे. धम्मदीपने सगळं ऐकून घेतलं आणि भावाचा नंबर दिला. दुपारपर्यंत आणखी दोन वाडीवाले येऊन गेले. एकाची चुलती मुरुडला होती. दुसऱ्याचा व्याही थळला, आणि त्याला दिवसातून निदान दहा वेळा तरी विचारलं जावं, अशी मागणी होती. पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आठवड्याने प्रज्ञाचा फोन आला. "दादा, चाललंय का काही?"

"चाललंय. हातात सहा कामं आहेत. साचा करतोय."

"सळया किती मागवू?"

"सळया नकोत. सगळ्यांना नुसतं विचारायचंय."

"बरं. पण पलीकडचा माणूस एक दाबेल, नाही तर दोन दाबेल. त्या उत्तराचं पुढे काय करायचं?"

सिद्धेशने समोरचे सहा नंबर परत एकदा बघितले.

"ते अजून कुठल्याच गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही," तो म्हणाला.